कोरी चौकट आणि शून्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेला आकड्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. हजेरीपट, दाखलखारीज रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही, चाचण्यांची गुणपत्रके ह्यांच्या रूपाने आकडे शाळेच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या साठत आले आहेत. नवे आहे ते एवढेच की, पूर्वी कपाटात विसावणारे हे आकडे आता संगणकाच्या तक्त्यात भरले जातात आणि तेथून केंद्र, तालुका, जिल्हा ह्या पायऱ्या क्षणार्धात चढून जातात. हजेरीपटावरील खूण ज्या मुलाची असते ते मूल गुरुजींच्या डोळ्यांसमोर बसलेले असते. जिल्ह्याच्या तक्त्यात तेच मूल एखाद्या टक्केवारीचा बारीकसा अंश होऊन जाते. ह्या दोन टोकांच्या मध्ये आकड्यांचे काय होते, आणि संगणक हाताशी असता शिक्षकाने तेथे कोणती दक्षता घ्यावी, ह्याचा विचार आज कर्तव्य आहे.

प्रथम दोन शाळा कल्पाव्यात. दोहोंचा पट ३०, आणि दोहोंची वर्षाची सरासरी उपस्थिती ७५ टक्के. तालुक्याच्या तक्त्यात ह्या दोन शाळा एकीखाली एक बसतील आणि त्यांच्यात काही भेद आहे असे कोणालाही वाटणार नाही. परंतु पहिल्या शाळेत प्रत्येक मूल साधारणतः चार दिवसांत एक दिवस घरी राहते. दुसऱ्या शाळेतील २० मुले वर्षभर ९० टक्के दिवस हजर असतात; उरलेली १० मुले मात्र ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या परिसरात जातात आणि शाळेच्या दहा महिन्यांपैकी पाच महिने त्यांचे तोंडही दिसत नाही. राहिलेल्या पाच महिन्यांत तीही ९० टक्के दिवस येतात, म्हणजे त्यांची वर्षाची उपस्थिती ४५ टक्के पडते. वीस मुलांचे ९० आणि दहा मुलांचे ४५ ह्यांची सरासरी काढली असता उत्तर बरोबर ७५ येते. गणितात काडीची चूक नाही. आणि तरीही ह्या उत्तरावर विसंबून जो उपाय योजला जाईल तो दोहोंपैकी एका शाळेत निश्चित वाया जाईल. पहिल्या शाळेत मुले अधूनमधून का राहतात ह्याचा शोध घ्यावयाचा आहे. आजारपण असेल, पाण्याची खेप असेल, धाकट्या भावंडाला सांभाळणे असेल. दुसऱ्या शाळेला हवे आहे ते हंगामी वसतिगृह, किंवा मुले जेथे गेली तेथील शाळेत त्यांची तात्पुरती सोय.

हा भेद पाहण्यास फार मोठी विद्या लागत नाही. वर्षाच्या एका सरासरीऐवजी महिन्यामहिन्याची उपस्थिती मांडावी आणि तिचा रेषालेख काढावा. पहिल्या शाळेची रेषा थोडीफार सपाट राहील. दुसऱ्या शाळेच्या रेषेत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एक खळगा पडलेला दिसेल. त्यानंतर मुलांच्या नावांची यादी वर्षाच्या उपस्थितीनुसार चढत्या क्रमाने लावली की ती दहा नावे तळाशी एकत्र येऊन उभी राहतील. एक्सेल असो वा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क असो, दोन्ही कामे मिळून दहा मिनिटांची आहेत.

संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना ही गोष्ट एका प्रसिद्ध उदाहरणावरून परिचित आहे. १९७३ साली फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम ह्या संख्याशास्त्रज्ञाने अंकांचे चार छोटे संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात अंकांच्या ११ जोड्या होत्या. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९, दुसरीची साडेसात, दोन राशींमधील परस्परसंबंधाचा गुणांक सुमारे ०.८२, आणि त्यांमधून काढलेली सरळ रेषाही एकच. केवळ हे सारांश पाहणारा मनुष्य चारही संच एकच समजेल. परंतु ठिपके कागदावर मांडले की पहिल्या संचात विस्कळीतसे चढते ठिपके दिसतात, दुसऱ्यात सुबक कमान दिसते, तिसऱ्यात सरळ रेषेबाहेर पडलेला एकच उंडगा ठिपका आणि चौथ्यात एका ठिपक्याखेरीज बाकी सारे एकाच उभ्या रेषेत. संगणकाने गणित करावे आणि माणसाने चित्र पाहावे, अशी कामाची वाटणी त्या काळी सर्वमान्य नव्हती. चित्र काढणे म्हणजे ज्याला गणित येत नाही त्याची पळवाट, असाही समज होता. तो समज घालविण्यासाठीच अ‍ॅन्स्कम ह्यांनी हे संच रचले. आज सॉफ्टवेअर दोन्ही कामे करते. मात्र चित्राकडे पाहण्याचे काम ते करीत नाही.

आता तक्ता भरण्याकडे वळावे. ही पायरी रुक्ष आहे, म्हणूनच ती घाईने उरकली जाते, आणि पुढील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथेच सापडते.

एका ओळीत एक मूल, आणि एका स्तंभात एकच प्रकारची माहिती: हा पहिला नियम. कागदावरील तक्त्याला शोभा आणण्यासाठी दोन चौकटी जोडून एक करण्याची, मधूनच इयत्तेचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्याची, किंवा प्रत्येक दहा नावांनंतर बेरीज टाकण्याची पद्धत आहे. छापील कागदास ती योग्यच होय. संगणकाच्या तक्त्यात मात्र ती सर्व शोभा अडथळा ठरते. कारण यादी लावताना, गाळणी लावताना किंवा पिव्होट टेबल करताना ती मधली बेरीज हेही एक मूलच आहे असे यंत्र समजते. त्याचप्रमाणे, मागे पडलेल्या मुलाची चौकट लाल करून ठेवणे हे डोळ्यांना सोयीचे असले तरी रंगांची बेरीज होत नाही. ‘मदत हवी’ असा एक स्वतंत्र स्तंभ घालून त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहावे, आणि मग खुशाल रंग द्यावा.

दुसरी गोष्ट कोऱ्या चौकटीची. ती लहान दिसते, परंतु संपूर्ण विषयात तिच्याइतकी विचार करण्याजोगी दुसरी नसेल. ३० मुलांच्या वर्गात २० गुणांची चाचणी झाली. त्या दिवशी ६ मुले गैरहजर होती. हजर असलेल्या २४ मुलांच्या गुणांची बेरीज ३३६. एका शिक्षकाने गैरहजर मुलांच्या चौकटी कोऱ्या ठेवल्या. एक्सेलने सरासरी दिली १४. दुसऱ्याने त्याच चौकटींत शून्य लिहिले. सरासरी आली ११.२. शून्य म्हणजे मूल बसले आणि त्याला काही आले नाही. कोरी चौकट म्हणजे त्या मुलाविषयी काहीही ठाऊक नाही. ह्या दोन विधानांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण तक्ता पुढे पाठविला की कोणते शून्य खरे आणि कोणते गैरहजेरीचे, हे सांगण्यास कोणी उरत नाही.

तेव्हा कोरी चौकट ठेवावी हे बरोबर; परंतु तेवढ्याने काम भागत नाही. १४ ही सरासरीही एका अर्थी फसवी आहे, कारण चाचणीच्या दिवशी गैरहजर राहणारी मुले बहुधा नेहमीच गैरहजर राहणारी असतात, आणि बहुधा तीच अभ्यासात मागे असतात. एक्सेल कोऱ्या चौकटी मुकाट्याने वगळून सरासरी काढते आणि त्याविषयी चकार शब्द बोलत नाही. ‘आर’ नावाची जी विनामूल्य संगणकप्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन ह्या दोघा प्राध्यापकांनी १९९० नंतरच्या दशकात निर्माण केली, तिचा स्वभाव ह्या बाबतीत निराळा आहे. तेथे माहिती नसलेल्या चौकटीत ‘एनए’ अशी खूण असते, आणि अशी एक जरी खूण स्तंभात असली तरी ‘आर’ सरासरी देण्याचे नाकारते. उत्तरादाखल तीच खूण परत करते. ‘नसलेली माहिती वगळ’ असे स्पष्ट सांगितल्यावरच ती आकडा देते. नवख्या माणसाला हा हट्टीपणा वाटतो. वस्तुतः एखाद्या जुन्या, करड्या पण नेक हेडमास्तरांनी अर्धवट भरलेला तक्ता परत करावा, तसा हा प्रकार आहे. एक्सेल वापरणाऱ्याने हा करडेपणा स्वतःच पाळावा. सरासरीच्या शेजारच्या चौकटीत किती आकडे मोजले गेले आणि किती चौकटी कोऱ्या आहेत हे नेहमी लिहावे; दोहोंसाठी एक्सेलमध्ये तयार सूत्रे आहेत. ‘सरासरी १४, मोजलेली मुले २४, गैरहजर ६’ ह्या तीन आकड्यांत जे सत्य आहे, ते एकट्या १४ मध्ये नाही.

ह्या मोजणीच्या सूत्राचे दुसरेही एक महत्त्व आहे. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या अमेरिकेतील दोघा नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या राष्ट्रांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक होते त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के भरते, असे त्यात दाखविले होते, आणि काटकसरीच्या धोरणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्याचा मोठा आधार घेतला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील शाखेतील टॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याने व त्याच्या दोघा प्राध्यापकांनी मूळ एक्सेल तक्ता तपासला, तेव्हा असे दिसले की, सरासरीचे सूत्र ३० व्या ओळीपासून ४९ व्या ओळीपर्यंत जावयास हवे होते ते ४४ व्या ओळीपाशीच थांबले होते. २० राष्ट्रांपैकी पाच राष्ट्रे सूत्राबाहेर राहिली. हा एकच दोष होता असे नव्हे. काही वर्षांचे आकडे वगळणे आणि राष्ट्रांना दिलेले वजन ह्यांविषयीही आक्षेप होते, आणि ते अधिक परिणामकारक होते. हे सारे दुरुस्त केल्यावर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ हा आकडा आला. सूत्रातील चूक मूळ लेखकांनीही मान्य केली. त्या सरासरीच्या शेजारी मोजणीचे एक सूत्र असते तर काही राष्ट्रे सूत्राबाहेर राहिल्याची शंका कदाचित लवकर आली असती.

शाळेत हाच प्रमाद घडण्यास अर्थशास्त्रज्ञ असावे लागत नाही. जुलैमध्ये तक्ता तयार होतो. ऑगस्टमध्ये तीन मुले नव्याने दाखल होतात. त्यांची नावे शेवटच्या ओळीखाली लिहिली जातात. सूत्र मात्र पूर्वीच्या शेवटच्या ओळीपाशीच थांबलेले असते. ती तीन मुले वर्षभर शाळेत येतात आणि वर्षभर शाळेच्या सरासरीबाहेर राहतात. ह्याहून अनर्थकारक चूक यादी लावताना होते. केवळ गुणांचा स्तंभ निवडून तो चढत्या क्रमाने लावला, आणि नावांचा स्तंभ जागच्या जागी राहिला, म्हणजे एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. आणि असा तक्ता पाहून कोणालाही शंका येत नाही, कारण बेरीज व सरासरी दोन्ही पूर्वीइतक्याच राहतात. ह्यावर उपाय एकच. मूळ तक्त्याची एक प्रत कोणीही हात न लावता बाजूस ठेवावी, आणि काटछाट, क्रमवारी, गाळणी हे सर्व दुसऱ्या प्रतीवर करावे.

यंत्राच्या अतिउत्साहाचाही बंदोबस्त करावा लागतो. इयत्ता पहिली ते पाचवी अशा अर्थाने ‘१-५’ हे इंग्रजी अंकांत टंकित केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते, आणि भारतीय पद्धतीची मांडणी असलेल्या संगणकावर शाळेच्या इयत्तांच्या जागी १ मे अवतरतो. महाराष्ट्र दिनाचे हे अकाली आगमन हसण्यावारी नेता येईल. पण शास्त्रज्ञांनाही ह्याच खोडीने जेरीस आणले होते. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे मार्च व सप्टेंबर ह्या महिन्यांच्या नावांसारखी होती, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. अखेर जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत ती नावेच बदलून घेतली. शिक्षकाला इतके करावयास नको. स्तंभात काही लिहिण्यापूर्वीच तो स्तंभ ‘मजकूर’ प्रकारचा आहे असे ठरवून द्यावे. विद्यार्थ्याचा लांबलचक क्रमांक लिहितानाही हेच करावे. कारण एक्सेल अंकांतील पहिले १५ अंकच ध्यानात ठेवते आणि पुढील अंकांच्या जागी शून्ये बसविते, म्हणजे दोन भावंडांचे क्रमांक एक होऊन बसण्याचा संभव असतो. उलट, गुणांच्या स्तंभात देवनागरी अंक टंकित झाल्यास यंत्र त्यांना अंक न समजता अक्षरे समजण्याची शक्यता असते, आणि मग बेरजेत ते धरले जात नाहीत. ओळखण्याची खूण सोपी आहे: काही विशेष आज्ञा दिली नसेल तर अंक चौकटीच्या उजव्या कडेला टेकतात आणि अक्षरे डाव्या कडेला. गुणांच्या स्तंभात एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला की तेथे थांबावे.

गावांच्या नावांविषयी तर प्रत्येक केंद्रप्रमुखाचा अनुभव असेल. ‘वडगाव बु.’, ‘वडगाव बुद्रुक’ आणि अनुस्वार दिलेले ‘वडगांव बुद्रुक’ ही माणसाला एकच गाव वाटतात. पिव्होट टेबलला ती तीन गावे वाटतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक दिलेला आहे तो ह्यासाठीच. नाव वाचण्यासाठी ठेवावे, जुळणी मात्र क्रमांकाने करावी.

आता आलेखांविषयी. विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडनमध्ये व्यापाराच्या आकडेवारीचा एक चित्रसंग्रह काढला. त्यात बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षांच्या व्यापाराच्या रेषा होत्या. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते. रेषा ओढावयास दुसरे वर्षच नव्हते. म्हणून त्याने निरनिराळ्या १७ ठिकाणांशी झालेल्या आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या काढल्या, आणि स्तंभालेख जन्मास आला. ज्या अडचणीतून तो जन्मला तीच त्याच्या उपयोगाची दिशा दाखविते. एकाच वेळच्या अनेक शाळांची तुलना करावयाची असेल तर स्तंभ. एकाच शाळेचे अनेक महिने किंवा वर्षे दाखवावयाची असतील तर रेषा. वृत्तालेख दिसावयास गोजिरवाणा असला तरी पाच-सहा जवळजवळ सारख्या फोडींतून मोठी कोणती हे डोळ्यांना कळत नाही, आणि त्याला उंचीचा किंवा सावलीचा आभास दिला की पुढच्या फोडी उगाच मोठ्या दिसतात. जेथे दोनच भाग आहेत तेथे तो चालेल. इतरत्र त्याचा मोह टाळावा.

स्तंभालेखात स्तंभाची उंची शून्यापासून मोजली गेली पाहिजे. एका शाळेची उपस्थिती ८८ टक्के, दुसरीची ९२. अक्ष ८५ पासून सुरू केला तर पहिलीचा स्तंभ तीन घरे उंच आणि दुसरीचा सात घरे, म्हणजे दुपटीहून मोठा दिसेल. प्रत्यक्ष फरक मात्र शंभरात चार मुलांचा आहे. सॉफ्टवेअर पुष्कळदा आपण होऊन असा तोडका अक्ष घेते, म्हणून आलेख काढणाऱ्याचा हेतू शुद्ध असूनही पाहणाऱ्याची फसवणूक होते. अक्षावर उजवे बटण दाबून किमान मूल्य शून्य करण्यास क्षणही लागत नाही.

ह्या सर्वांहून गंभीर असा एक प्रश्न उरतो, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बाबतीत तो विशेषच जिव्हाळ्याचा आहे. तो लहान शाळांच्या टक्केवारीचा. ज्या वस्तीवरील शाळेत तिसरीत पाचच मुले आहेत तेथे एक मूल म्हणजे २० टक्के. समजा, सर्व शाळांतील शिकवणे अगदी सारखे आहे, आणि कोणतेही मूल उतारा वाचू शकेल अशी शक्यता शंभरात ६० आहे. तरीही पाच मुलांच्या अशा १०० वर्गांपैकी सुमारे ८ वर्गांत पाचही मुले वाचणारी निघतील, आणि सुमारे ९ वर्गांत वाचणारे एक किंवा एकही नसेल. केवळ योगायोगाने! उलट, ४० मुलांच्या वर्गात पूर्ण शंभर टक्के किंवा वीस टक्क्यांहून खाली असे घडणे जवळजवळ अशक्य. परिणाम असा होतो की जिल्ह्यातील शाळांची टक्केवारीने उतरती यादी लावली की माथ्यावरही लहान शाळा येतात आणि तळाशीही लहान शाळाच येतात. माथ्यावरच्या शाळेचा सत्कार होतो, तळाच्या शाळेला खुलासा मागितला जातो. पुढल्या वर्षी दोघींच्या जागा बदलतात, आणि त्या बदलाचीही कारणे शोधली जातात. कमी पटाच्या शाळांचे काय करावे हा वाद महाराष्ट्रात वारंवार उपस्थित झालेला आहे. त्या वादात इतर कोणतेही मुद्दे यावेत. पण पाच मुलांच्या एका चाचणीवरून शाळेची लायकी ठरविणारा मुद्दा येऊ नये. त्या पाचांतील एक मूल तापाने आजारी होते, एवढ्याने वस्तीवरील शाळेचे भवितव्य हलता कामा नये.

सॉफ्टवेअरने ही गोष्ट एका चित्रात दाखविता येते. आडव्या अक्षावर वर्गातील मुलांची संख्या आणि उभ्या अक्षावर वाचू शकणाऱ्यांची टक्केवारी घेऊन प्रत्येक शाळेचा एक ठिपका मांडावा. डावीकडे, म्हणजे लहान शाळांकडे, ठिपके वरखाली फार पसरलेले दिसतील आणि उजवीकडे जाता जाता आवळत येतील. आडवे ठेवलेल्या नरसाळ्यासारखा आकार होईल. जो ठिपका ह्या नरसाळ्याच्या बाहेर पडला आहे, तेथे मात्र खरोखरच जाऊन पाहण्यासारखे काहीतरी आहे, चांगले किंवा वाईट. शिवाय लहान शाळांसाठी तीन वर्षांची मुले एकत्र मोजावीत, आणि टक्केवारीऐवजी ‘१५ पैकी ११’ असे लिहावे. सात मुलांपैकी पाच आली तेव्हा ‘७१.४३ टक्के’ असे लिहिणे म्हणजे ज्वारीच्या पोत्याचे वजन सोनाराच्या काट्यावर करण्यासारखे आहे.

गळतीच्या आकड्यांतही असाच एक खड्डा आहे. यंदा पहिलीत ४० मुले आणि यंदाच चौथीत २४ मुले, म्हणून १६ मुले गळाली, असा हिशेब सर्रास केला जातो. परंतु यंदाची चौथी ही यंदाच्या पहिलीची नव्हे. ती मुले तीन वर्षांपूर्वी पहिलीत होती, आणि तेव्हा पहिलीचा पट २६ असेल तर चित्र सर्वस्वी निराळे होते. पुन्हा, त्यांतील कोणी बदलून दुसऱ्या शाळेत गेला असेल, कोणी दुसरीकडून आला असेल. मुलामागे मूल धरून शोध घेतल्याशिवाय गळती कळत नाही. ह्या प्रश्नाचा अभ्यास महाराष्ट्रात नवा नाही. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर ह्यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या ज्या दोन पाहण्या केल्या, त्यांचे अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेने १९५५ साली प्रसिद्ध केले. शाळा सोडलेली माणसे पुन्हा निरक्षर होतात काय, हा एका पाहणीचा विषय होता. गळती आणि एकाच इयत्तेत मुले अडकून पडणे हा दुसरीचा. टेबलावरचा संगणक तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आज प्रत्येक मुलाला क्रमांक आहे आणि दोन वर्षांच्या याद्या त्या क्रमांकाने जुळवून कोण राहिले, कोण गेले हे एका सूत्राने निघते. एवढी सोय असता ४० वजा २४ करणे शोभत नाही.

शेवटी मांडणीविषयी थोडेसे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पडद्यावर वीस आलेख दाखविण्यापेक्षा एकाच कागदावर एक आलेख काढून त्याच्या प्रती सभासदांच्या हाती द्याव्यात. प्रत बहुधा काळ्यापांढऱ्यातच निघते, तेव्हा लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नये. एक रेषा अखंड, दुसरी तुटक, आणि रेषेच्या टोकाशीच तिचे नाव. आलेखाच्या मथळ्यात ‘मासिक उपस्थिती विश्लेषण’ असे न लिहिता आलेख काय सांगतो ते लिहावे: ‘नोव्हेंबर ते मार्च दहा मुले शाळेत नव्हती.’ खाली बारीक अक्षरांत पट किती, मोजलेली मुले किती, कोऱ्या चौकटी किती आणि माहिती कोणत्या तारखेची, एवढे असावे. मुलांची नावे त्या कागदावर येऊ देऊ नयेत. गावात कागद घरोघर फिरतो, आणि कोणाचे मूल वाचू शकत नाही ही चर्चेची वस्तू होणे इष्ट नाही. नावांची यादी वर्गशिक्षकापाशी राहावी, आणि सभेला जाताना हजेरीपट बरोबर असावा. आकडा चुकला आहे असे एखादी आई म्हणाली तर तेथल्या तेथे पट उघडून पाहता येतो. तिचे म्हणणे खरे निघाले तर दुरुस्ती मूळ तक्त्यात करून आलेख पुन्हा काढावा, आणि सभेच्या इतिवृत्तास नवी प्रत जोडावी.